कानतुटका कप

औलूत जानेवारीत तीनलाच अंधार पडतो.
प्रयोगशाळेत राइलीने आईचा कॉफीचा कप मांडला,
चौदा फोटो काढले.

यंत्राने सांगितलं:
अंतर बेचाळीस सेंटिमीटर,
कल बारा अंश,
उजेड डावीकडून.
आणि तोंड कुणीकडे?
ते ठरत नाही.
कान तुटलाय, खुंटही वडिलांनी
कानशीने घासून टाकलेले;
कसाही फिरवा, कप तोच.

बोटाला मात्र अजून लागतं,
तांदळाच्या दाण्याएवढं खरखरीत.
तेवढ्यावरून तिने कप वळवला,
कान असता तर डाव्या हाताशी येता, तसा.
आई डावखुरी होती.

पंधरावा फोटो.
आकडे जसेच्या तसे.

वहीत तिने लिहिलं: फरक शून्य.
आणि शेजारी, पेन्सिलीने,
डावीकडे जाणारा
एक बारीक बाण.