चॅनेल दोन

राजमाने स्कोप घेऊन आला टॉवेलात गुंडाळून,
मांजर आणावं दवाखान्यात तसा.
"एक नंबर बरोबर दाखवतोय, ताई.
दोन नंबर मात्र वर जाऊन बसलाय,
काही केल्या उतरंना.
हळदीनं झालं असंल. गिरणीत कितीबी झाका,
शिरतीच."

झाकण काढलं. खरंच,
पंख्याच्या पात्यांपासून रिबन केबलच्या घडीपर्यंत
सगळा बोर्ड पिवळा,
बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा.
मी ब्रशनं झाडत शिंकतेय, आणि तो दारात उभा,
पाहुण्यांसमोर घरचं भांडं खरकटं निघावं तसा ओशाळून.
"संध्याकाळी या," म्हटलं.

वखारभागातलं दुकान, आठ बाय दहा.
भिंतीवर एकोणीसच्या पुराची रेघ,
माझ्या खांद्याच्या वर चार बोटं.
तिच्याखाली टेबल. टेबलावर मगदूम सरांचा जुना स्कोप,
हिरव्या ठिपक्याचा, उचलायला दोन माणसं.
डोळा तपासायला दुसरा डोळा लागतो,
एवढंच म्हणाले होते निवृत्त होताना, आणि हा देऊन गेले.

आधी पुरवठा.
तीन पॉइंट तीन: आहे. अधिक पाच: आहे.
उणे पाच, रेग्युलेटरच्या पायाशी: आहे.
उणे पाच, दुसऱ्या चॅनेलच्या दाराशी:
उणे तीन पॉइंट एक.
मधे फक्त दहा ओहमचा रेझिस्टर,
तिळाएवढा, आणि बोट ठेवलं तर चटका.
दोन व्होल्ट इथं सांडतायत
म्हणजे पलीकडे कुणीतरी पितंय.

कोण, हे विचारायची माझी रीत साधी आहे.
सगळ्या भागावर स्पिरिट सोडायचं
आणि मीटर बाजूला ठेवून नुसतं बघत बसायचं,
आधी कुठलं वाळतं.
सगळीकडे ओल चमकत होती.
एका टँटलमच्या पाठीवरून ती
बघता बघता उडाली.
तोही पिवळाच. हळदीत लपला होता.

काढण्याआधी भिंग धरलं.
पट्टी चुकीच्या बाजूला.
उणे वाटेवर पट्टी जमिनीकडे हवी,
सर फळ्यावर लिहायचे आणि खाली दोनदा रेघ मारायचे,
दुसऱ्या रेघेला खडू मोडायचा.
हा उलटा बसलेला. पस्तीस व्होल्टचा,
म्हणून महिनोन्‌महिने तग धरून,
आतल्या आत गळत.
कुठल्या गाढवानं, असं म्हणेपर्यंत
टाका दिसला.

शेवटी जरासा उजवीकडे ओढलेला,
स्वल्पविरामासारखा.
सांगलीत असा टाका एकच बाई मारते.

वही काढली. तेरा नोव्हेंबर.
राजमाने, स्कोप, कपॅसिटर बदलला, साडेचारशे.
अक्षर माझंच.
त्या दिवशी घाई कसली होती, ते वहीत नाही.

नवा बसवला. बसवण्याआधी तीनदा पाहिला,
बसवल्यावर एकदा, आणि चहा पिऊन आल्यावर
पुन्हा एकदा.
बटण दाबलं. रिले टकटकले.
दुसरी रेघ वरून सुटली
आणि मधोमध येऊन थांबली.
चाचणीचा चौकोन लावला तर कोपरे गोल,
साबणाची वडी जुनी व्हावी तसे.
प्रोबचा ट्रिमर पाव फेरा,
मग त्याहून कमी, मग श्वास धरून थोडा मागे.
कोपरे आले.
व्होल्टचं चक्र मात्र अजून एक घर चुकवतं.
ते मला जमलं नाही.

"हळदच ना?" राजमाने दारातूनच.
हो म्हणणं किती सोपं होतं.
त्यानं उत्तर स्वतःच आणलं होतं, मला फक्त मान हलवायची होती.
"नाही. मागच्या वेळी मी एक भाग उलटा लावला होता.
पैसे नकोत."
तो जरा वेळ स्कोपकडे बघत राहिला,
मग म्हणाला, "म्हंजे गिरणीचा दोष न्हाई,"
आणि एवढा मोकळा हसला
की मला रागच आला.

गडबडीत टॉवेल विसरून गेला.
दोनदा धुतलाय.
दोरीवर वाळतोय, अजून पिवळा.