पिवळ्यावर निळ्या रेघा

नकाशात स्टेशनाला रंगच नव्हता.
वाढता वाढता ताटाचा एक कोपरा विसरावा
तसं पांढरं राहिलेलं.
नगरपंचायतीनं मला टेप दिला, सोबत देवाजी कोडापे दिला
आणि सांगितलं : सोमवारपर्यंत.

जांभळी रोड.
जांभळी दोन कोस लांब होती, तेव्हाचं हे नाव.
मग गावच सरकत सरकत गाडीकडे आलं.
जीन आली, प्रेस आली, हमालांच्या खोल्या आल्या,
आणि गाव पुरतं येऊन टेकलं
तर गाडी बंद.
आता स्टेशन भर गावात आहे
आणि चारी बाजूंच्या घरांची पाठ तिकडे,
मोऱ्या तिकडे,
रात्रीच्या खरकट्याचा हात तिकडे.

कोडापेनं टेपचं टोक सिग्नलच्या खांबाला दाबून धरलं.
रूळ अडीच फुटांचे, मधून बाभूळ.
"मॅडम, रूळ मोजाचे का रुळाच्या मधातलं?"
मी म्हटलं, सगळंच.

मालधक्का, बावन्न बाय अकरा.
त्यावर पंचफुला गेडामची तूर वाळत होती.
आम्ही पायानं तूर सारत पुढे,
ती मागून तळहातानं सारखी करत,
एक शब्द नाही.
शेवटच्या मीटरला म्हणाली,
"काय होनार हाय इथं?"

मी कागद उघडला. नागपूरच्या कंपनीनं चित्र पाठवलं होतं :
खाली दुकानं, वर घरं, मधे कारंजं,
आणि हिंडणारी माणसं, एकालाही सावली नाही.
मे महिन्यात जांभळी रोडला
सावली सोडून कोण हिंडेल?
पंचफुलानं चित्र उलटंसुलटं पाहिलं.
"वर लोकं राह्यतीन, खाली दुकानं. बेस हाय.
पन बजाराच्या दिवशी बायाइनं कोठी जावं?
संडास कोठी काढला थे दाखव पहिले."
नव्हता काढलेला.
मी पेन्सिलीनं काढला,
कारंजाच्या जागी.

गुदामात मुनाफ पिंजारी, भुवयांवर कापूस.
"माह्या आज्यानं इथं गाठी भरल्या,
मी गाद्या भरतो.
कापूस थोच. फक्त आता थो कोठी जात नाही,
लोकं त्याच्यावर झोपतात."
गुदाम, सोळा बाय नऊ. भिंत दीड फूट.
कंपनीच्या यादीत : 'पाडण्यायोग्य'.

तिकीटखिडकीच्या गजांना बुटांचे बारा जोड, लेसांनी बांधून.
पोलीस भरतीची पोरं.
पहाटे साडेचारला रुळाच्या कडेनं सोळाशे मीटर,
सिग्नलपासून गुदामाच्या भिंतीपर्यंत.
दोन्हीकडे त्यांच्याच चुन्याच्या खुणा.
मी टेप टाकला.
पंधराशे शहाण्णव.
कोडापेनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा धाकटाही पळतो.
आम्ही पुन्हा मोजलं, उन्हात, घोट घोट पाणी पुरवत.
पंधराशे शहाण्णव.

मला स्टेशन जसंच्या तसं नको आहे, हेही लिहून ठेवते.
त्या मोऱ्या मी मोजल्या आहेत, चप्पल धुतली आहे.
इथे दिवे हवेत. कुणाच्या तरी खिडक्या
या बाजूला उघडायला हव्यात.
मी रात्री पिवळा रंग भरला, त्यावर निळ्या रेघा ओढल्या,
राहणं आणि विकणं एकत्र असलं की असाच रंग देतात.
हात थरथरला तिथे रेघ वाकडी आहे.

सोमवारी साहेबांनी चष्मा कपाळावर घेतला.
"रुळाच्या जागी हा पट्टा?"
पायवाट, सर. पळायची. सोळाशे मीटर.
"आणि ही शेवटी गुदामात काऊन शिरते?"
जागा पुरत नाही, सर.
चार मीटर कमी पडतात.
"मग भिंत पाडा."
पाडली तर शेवटची खूण कशावर करतील, सर?

साहेब बराच वेळ
त्या चार मीटरवर बोट ठेवून बसले.
पंखा फिरत होता, नकाशाची कड उडत होती,
मी तिच्यावर स्टेपलर ठेवला.