हलकं नको घेऊस, डेल्फीन

हलकं नको घेऊस, डेल्फीन.
काचेखालचं ते करडं पिल्लू
कमरेला जाणवणारही नाही, खरंय.
पण मॅग्नम भरून दर शनिवारी पन्नास झाडल्यास
तर दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत ते खुळखुळायला लागेल,
आणि तुझा तळवा त्याच्या आधी.

एकतीस वर्षं मी पीटर्सबर्गच्या या धक्क्यावर
बंदुका दुरुस्त करतोय. विकतो कमीच.
जे विकलं ते परत येतं,
भांडून माहेरी आलेल्या लेकीसारखं
गप्प पडून राहतं या फळीवर,
मला विचारावं लागतं, काय झालं गं?

हे बघ, ट्रिग्वेचं.
नळी जिथं सांगाड्यात शिरते तिथं
खालच्या बाजूला, घड्याळात सहा वाजतात त्या जागी,
केसाएवढी चीर.
भिंग घे, नखाला नाही कळायची.
हलक्या, वेगवान गोळ्या स्वस्तात मिळाल्या म्हणून
पेट्यांमागून पेट्या झाडल्या त्यानं.
आणि वर ही खाच दिसते ना,
ज्वाळेनं चाटून काढलेली?
ती थोडी वाढते, मग थांबते.
तिला भिऊ नकोस.
चिरेला भी.

आता हे उचल.
सव्वा किलो, रिकामं.
रिकामंय ना? मी म्हटलं म्हणून मानू नकोस,
उघडून बघ, सहाही घरं.
हं.
घोडा हळूच मागे ओढ.
ऐकलंस? आधी चाक अडकलं, मग घोडा.
उलटं ऐकू आलं
तर समजायचं, चाकाला उशीर होतोय,
आणि ते तसंच टेबलावर ठेवून द्यायचं, कितीही चकचकीत असो.
चाक पुढेमागे ढकल.
हलायला हवं, पण जेमतेम,
सिगारेटच्या कागदाइतकं.
अजिबात न हलणारं चाक तापलं की रुसतं.

किती टिकेल?
खोटं कशाला सांगू, मोजलेलं नाही.
जिन्याखाली कॉफीचे एकोणतीस डबे होते
रिकाम्या पितळी पुंगळ्यांनी भरलेले.
सिग्ने गेली त्या हिवाळ्यात बसलो मोजायला,
काहीतरी करायचं म्हणून.
पाचव्या डब्यावर थांबलो.
उरलेलं पितळ भंगारात दिलं,
डब्यांत आता खिळे आहेत.

हो, माझंच.
अक्रोडाची मूठ डावीकडे गुळगुळीत झालीय ना,
ती या अंगठ्यानं.
अंगठाही बघ आता. मुळाशी
हाडावर हाड घासतं.
डॉक्टरकडे त्याला लांबलचक नाव आहे.
मी म्हणतो, चाकाला उशीर होतोय.
स्प्रिंग सिॲटलहून दोन आठवड्यांत येते, बोटीनं.
याची येत नाही.

तू नदीच्या मुखाशी सामन मोजणार,
गुडघाभर पाण्यात, हातात गणक,
आणि किनाऱ्यावरच्या गवतात कोण बसलंय
ते वाऱ्यानं सांगितलं तरच कळणार.
म्हणून आधी तोंड वापर.
मोठ्यानं बोल, गा, शिव्या दे,
बहुतेक वेळा तेवढं पुरतं.
एकतीस वर्षांत या रिव्हॉल्व्हरनं
अस्वल पाहिलं तीनदा,
झाडलं एकदाही नाही.
सगळी झीज कागदी गोलांवर झाली,
त्याची
आणि माझीही.

साध्या काडतुसांनी सराव कर,
शेवटची सहाच मॅग्नम, दर वेळी,
म्हणजे धक्क्याशी ओळख राहील
आणि वैर होणार नाही.

काही बोलत नाहीस.
पट्टा काढून पुन्हा लावतेयस, एक भोक आत.
मान वाकडी करून
त्या वजनाशी चालून बघतेयस दारापर्यंत.

फॉर्म तिथं, खिळ्याला अडकवलाय.
पैशांचं सप्टेंबरनंतर बघू, मासे गेले की.
आणि तेल कमी लाव.
सगळेच जास्त लावतात.