निवळी

इराप्पाच्या टपरीवर पानाला लागतो
तो चुना नव्हे.
कॉलेज रोडच्या केमिकलवाल्याकडून डबा आणते मी,
त्यावर पोळलेल्या हाताचं चित्र.

मास्क, चष्मा, हातमोजे. मगच झाकण.
लिटरभर आर.ओ.च्या पाण्याला अर्धा चमचा, सपाट.
एकदा ढवळायचं
आणि त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.
तासा-दोन तासांनी वरचं पाणी होतं
सलाईनसारखं.
तेवढंच घ्यायचं.
खाली बसलेलं खालीच बसू द्यायचं.
आम्ही निवळी म्हणतो. वॉर्डातली यल्लव्वा म्हणते
सुण्णद तिळिनीरु.
दोघींची जीभ भाजते एकाच गोष्टीनं.

वडगावातले माग दहाला थांबतात.
मग मी ड्रिप लावते
(सेट मेडिकलमधून विकत घेतलाय,
वॉर्डातला नाही, सांगितलेलं बरं).
मिनिटाला तेहतीस थेंब, उजाडेपर्यंत.
दिवे विझले की टाकीतलं पाणी आंबटाकडे झुकतं,
निवळी त्याला धरून ठेवते.
दिवसभरात काच जेवढं हवेला देते
तेवढंच परत. आषाढात हवाच ओली,
तेव्हा सतरा थेंबही पुरतात.

आत सात कलमं.
कलमंच म्हणतात, आंब्यासारखी.
बंगळूरहून रात्रीच्या बसनं आली, थर्माकोलच्या डब्यात,
ड्रायव्हरनं विचारलं, मासळी का?
इथून समुद्र घाट उतरून चार तास.
त्यांना काय त्याचं.
त्यांची हाडं ती थेंबाथेंबानं इथेच बांधतात.

परशराम उद्यमबागेत लोखंड ओततो.
एका दमात ओतावं लागतं,
मध्ये हात थांबला तर साच्यात सांधा पडतो,
नग भंगारात.
माझी नाईट होती. थेंब थांबलेला त्यानं पाहिला,
नळीच्या तोंडाशी पांढरी खपली.
औषध खाली बसलंय असं वाटून
बाटली नीट हलवली
(सगळ्या बाटल्यांवर तसंच लिहिलेलं असतं)
खपली खरवडली
आणि चाक पूर्ण सोडलं.
मायेनं सोडलं.

सकाळी टाकीत ताक.
मासे वर, तोंडं पाण्याबाहेर.
मीटर आठ पॉइंट आठ.
तो चहाचा कप धरून उभा, मी काही विचारण्याआधीच
"मीच केलंय," म्हणाला.
आधी ड्रिप बंद. रागावणं नंतर,
ही वॉर्डाची सवय.
खिडक्या सगळ्या उघडल्या, पंप वाढवला,
आणि इराप्पाचं अर्धं शटर वाजवलं.
साधा सोडा द्या. लिंबू नको, मीठ नको.
"काय सिस्टर, पित्त?"
मला नाही. पाण्याला.
तो हसला नाही. पानात चुना जास्त झाला की
काय होतं ते त्याला ठाऊक.

पंप जिथे घुसळतो तिथे,
औषधाच्या टोपणानं, थोडं थोडं,
पुन्हा मीटर, पुन्हा थोडं.
अर्धी बाटली, दोन तास.
मी युनिफॉर्मवरच.
परशराम स्टुलावर बसून टोपणं मोजत होता,
नव्वद, एक्याण्णव,
मध्येच चुकला, मी दुरुस्त केलं नाही.

दुपारी आठ पॉइंट चार.
पांढरं सगळं खडकांवर बसलं,
सुणगार लग्नाआधी भिंती उजळतो तसं.
पाच कलमं तिसऱ्या दिवशी उघडली.
सहावं पंधरवड्यानं, अर्धवट.
सातव्याचं हाड तेवढं राहिलं.
ते काढलेलं नाही.

बाटलीवर आता चिकटपट्टी आहे:
हलवू नये. अल्लाडिसबेडि.
खाली तारीख, वेळ, थेंब.
अक्षर माझं,
कानडी यल्लव्वाच्या मुलीचं.

नाईटला असले की दोन वाजता
फोन थरथरतो खिशात.
"तेहतीस."
कधी "बत्तीस, परत मोजतो."
काल आलं:
"एकोणतीस. खपली धरतेय.
चाकाला हात लावला नाही.
तू ये."