खालच्या कोपऱ्यातली चार अक्षरं

खडेबाजारातून आत, बोळ जिथं भिंतीला टेकतो
तिथं आमचा छापखाना.
उचगावचे बसवंत मुचंडीकर लेकीची पत्रिका घेऊन आले.
म्हणाले, मजकूर मराठीत. पन्नास कानडीत काढा.
खरं खाली कोपऱ्यात ती चार अक्षरं पायजेत,
कॅम्पातल्या कर्नलसायबाच्या पत्रिकेत असत्यात ती.

(आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याचं गिऱ्हाईक इथं हमखास अडखळतं.)

आर. एस. व्ही. पी.
वीस वर्षं जुळवतोय.
अर्थ विचारला नव्हता, खिळ्यांना कोण विचारतं?

संध्याकाळी सायकल काढून ब्रागांझा टीचरकडं गेलो.
त्या मांजरासाठी दुधात पाव कुस्करत होत्या.
"रेपाँदे सिल व्हू प्ले. फ्रेंच आहे.
इंग्रजांनी उसनं नेलं, परत केलं नाही.
उत्तर द्या, तुमची मर्जी असेल तर.
आणि त्याच्याआधी 'प्लीज' छापू नकोस,
दोनदा हात जोडल्यासारखं होतं."

मग थांबेचनात.
कार्त ब्लांश: कोरं कार्ड, हवं ते कर.
(माझ्याकडं गठ्ठे पडलेत कोऱ्या कार्डांचे.
हवं ते कधी केलं नाही.)
क्यू द साक: पोत्याचा तळ, पुढं वाट नसलेली गल्ली.
म्हणजे आमचाच पत्ता.
फो पा: चारचौघांत चुकीचं पडलेलं पाऊल.
आणि ने.
बाईच्या माहेरच्या नावाआधी लावतात. जन्मलेली.
म्हटलं, टीचर, आमच्यात ने म्हणजे घेऊन जा.
त्या हसल्या नाहीत.
बशी खाली ठेवून म्हणाल्या, दोन्ही बरोबर आहे.

येताना पाव किलो तूप घेतलं.
दुकानदार तुप्पा म्हणाला.
वजन तेवढंच भरलं.

पत्रिका छापून झाल्या. कोपऱ्यात चार अक्षरं,
आणि त्यांना चिकटून, हाताच्या सवयीनं,
आमच्या छापखान्याचा पत्ता.
फो पा.

उचगावात उत्तर कोण पाठवतं?
माणसं येतात, पंगतीला बसतात, तेच उत्तर.
खरं लग्नाच्या आदल्या दिवशी
एक पोस्टकार्ड आलं, छापखान्यावर.
बैलहोंगलचा शिक्का. कानडीत एकच शब्द मोठा: बर्तीनि.
येते.
खाली बारीक, गुडघे दुखतात, दाराशी जागा ठेवा.
सही, शिवव्वा.
त्या सहीच्या पोटात मराठीत,
'ड' लिहिताना हात थांबल्यासारखं:
शेवंता मुचंडीकर.

हिंडलग्याच्या पुढं वारा तोंडावर होता.
मुचंडीकर मांडवात उभे, हातात सुतळीचा गुंडा.
कार्ड उलटंपालटं करून बघितलं.
"आक्का," म्हणाले.
"चाळीस वर्षं झाली दिऊन.
हे तुमच्याकडं कसं गेलं?"
मी पत्रिकेचा कोपरा दाखवला.
"मग तिथं लिवलंय तरी काय?"
उत्तर द्या म्हणून, मी म्हटलं.

त्यांनी कार्ड खिशात घातलं,
खिसा वरून एकदा दाबला,
आणि पोरांवर ओरडले,
दाराशी एक खुर्ची टाका की रे,
हाताची, हाताची.