उसनं नाक

आपा, तू दोह्याहून धाडलेलं बदामाचं पीठ
मी सात महिने फोडलंच नाही.
नुसरतच्या मंगनीला लागेल म्हणून
पाकिटासकट काचेच्या बरणीत घातलं,
झाकणाला चिकटपट्टी लावली,
फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवलं,
बोंबलांपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं.

पण हर्णैत लांब ते काय असतं?
इथे मीठसुद्धा बरणीत बसून घाम गाळतं.
आषाढात तीन दिवस वीज नव्हती.
बरणी बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली,
आजारी पोराची कूस बदलावी तशी.

काल पाकीट कापलं.
गुठळ्या होत्या. बोटाने दाबल्या, फुटल्या.
म्हटलं, दमट हवेचं आहे, चालतं.
रंग जरा पिवळा;
पण ट्यूबलाइटखाली माझे हातही पिवळेच दिसतात.
नाकाशी धरलं.
तुला ठाऊक आहे ना, त्या तापापासून
माझं नाक म्हणजे चेहऱ्यावरचं नुसतं हाड.
अत्तर आणि रॉकेल मला एकच.

चिमूटभर जिभेवर टाकलं.
आधी गोडसर, मग काहीच नाही,
मग घशाच्या पार मागे
बारीक कडू, खरवडल्यासारखं.
की माझी शंकाच कडू?

इतक्यात दारात यमुना तांडेल, पाटीत सुरमई.
म्हटलं, बाई, जरा हुंग.
लिलावाच्या गर्दीत उभ्या उभ्या
मासा कालचा की परवाचा सांगणारी ती.
तिने बोटं धुतली, पदराला पुसली,
बरणीत नाक घातलं आणि हसली:
"आमच्या होडीला बेलतेल लावतात ना, तस्सं!
टाका हे. पोरीच्या मंगनीत नको."

टाकलं. माडाच्या बुंध्याशी.
कोंबड्या आल्या, टोचून बघून गेल्या.

यमुना मात्र रिकामं पाकीट हातात धरून अजून उभी.
"याला बाहेरून दुसराच वास आहे, भाभी.
डांबरगोळीचा. साबणाचा. थोडा लवंगेचा.
कुणाची पेटी उघडल्यासारखा."
आणि पाकीट माझ्यापुढे केलं.

मी वाकले. डोळे मिटले.
"हो," म्हटलं, "आहे."

पुढच्या खेपेला अर्धाच किलो धाड.
येईल त्या आठवड्यातच फोडीन.