टिंब

रबाळ्याच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
आम्ही अजून बिनकान्याच्या शब्दांत आहोत.
न, ळ – नळ.
ब, स – बस.
शरणू एकेका अक्षरावर बोट टेकवतो,
साचलेल्या पाण्यात मांडलेल्या विटांवरून जावं तसा.

'आहे', 'आणि', 'नाही' यांच्या पट्ट्या वेगळ्या.
हे शब्द फोडायचे नाहीत,
माणसासारखे चेहऱ्यावरून ओळखायचे.

काल गठ्ठ्यातून चुकून
'बंद' वर आला.
टिंब शिकवलंच नव्हतं मी.
शरणूनं बोटसुद्धा लावलं नाही.
"बंद," म्हणाला,
"पप्पांच्या कंपनीच्या गेटवर आहे."

मग पाटी पुढे सरकवली:
"बाई, 'चालू' कसं काढायचं?"

दीर्घ उकार आमच्याकडे दिवाळीनंतर येतो.
मी खडू शोधत राहिले.
हातातच होता.